मापाच्या खांबावरचं अंडं

“तू म्याट्रिक झाल्यालीस की गं. मग सांग बघू, सरकारला काय पायजे? तळं पायजे का पाखरू पायजे?”

आत्यानं हे मला एका खड्ड्याच्या काठावर विचारलं, डोक्यावर मातीची भरलेली पाटी तशीच धरून. मी मॅट्रिक झाले होते हे खरं. पण आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सरकार एकच होतं आणि त्याला काय पाहिजे हे धड्यातच छापलेलं असे. इथं माळावर मला दोन सरकारं भेटली होती. दोन्ही जीपमधून यायची, दोन्हीकडचे साहेब एकाच चुलीवरचा चहा प्यायचे, आणि एक जे सांगून जाई ते दुसरा येऊन खोडून काढी. मी आत्याला म्हणाले, “मला नाही माहीत. आणि तू आधी ती पाटी टाकून ये, मान मोडेल.” आज माझे केस पिकले तरी त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पाटी टाकून ये, एवढंच मला तेव्हा सुचलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही सोलापूरचे, चाळीत राहणारे. वडील गिरणीत बदली कामगार. म्हणजे भोंग्याच्या आधी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी ह्यांना आत घेणार, सगळे आले तर डबा तसाच घरी परत. त्या उन्हाळ्यात विजेच्या कपातीमुळं एक पाळीच बंद होती, त्यामुळं डबा बहुतेक परतच यायचा आणि आम्ही तो दुपारी घरीच उघडून वाटून खायचो. माझं नाव एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात घातलेलं होतं. पोस्टमन दारावरून पुढं गेला की मी भांडी आदळायची. आईनं ते काही महिने सहन केलं. मग म्हणाली, “जा, आत्याकडं जाऊन आदळ. तिथं भांडी पण कमी आहेत.”

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. मोहोळच्या पलीकडच्या एका गावात, दिराच्या घरी तिनं अर्धं आयुष्य काढलं. सकाळी शेण, दिवसभर रान, संध्याकाळी भांडी. आदल्या वर्षी एक गाठोडं घेऊन ती तिथून निघाली आणि मोहोळच्या अलीकडं माळावर आमचं मूळ गाव आहे, तिथं येऊन राहिली. का निघाली हे तिनं कुणाला सांगितलं नाही. वडिलांनी खोदून खोदून विचारलं तर म्हणाली, “तितं आता माझं काय न्हाय.” गावात आमची एक खोली कुलूप लावून पडलेली होती. वडील तिला समजावून परत पाठवणारच होते, पण नेमकं त्याच सुमाराला गावाबाहेर रोजगार हमीचं काम निघालं. पाझर तलावाचा बांध घालायचा होता. मागेल त्याला काम, बाई असो की बाप्या. वडील म्हणाले, “काम हाय तोवर राहा, आक्का. पुढचं पुढं बघू.”

तर असं ते होतं. बांधाचं काम चालू तोवर आत्याची चूल चालू. काम बंद पडलं की तिला दिराच्या घरी जावं लागणार, हे तिलाही ठाऊक होतं, वडिलांनाही आणि दिराला तर सगळ्यांत जास्त. आमच्या चाळीतल्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, तिथं ती येणं शक्य नव्हतं.

मी गेले तेव्हा तिनं चूल नवी घातलेली होती. ती मला आधी चूलच दाखवायला घेऊन गेली, लोक नवीन रेडिओ दाखवतात तशी. स्वयंपाक झाला की पहिली भाकरी ती स्वतः खायची. गरम, तव्यावरची, ठेच्याबरोबर, चुलीसमोरच उकिडवं बसून. मग मला वाढायची. मला आधी रागच आला, पाहुणी मी आणि आधी हिनं खायचं! मग एकदा ती आपणहून म्हणाली, “पंचवीस वर्सं गार भाकरी खाल्ली गं.” त्यानंतर मी तिची भाकरी खाऊन होईपर्यंत मुकाट बसून राहायची.

आठवड्याच्या बाजाराला ती मोहोळला जायची. तिथं दीर हमखास भेटायचा. माणूस आवाज न चढवणारा, हसतमुख. मिरच्यांच्या ढिगाशी उभा राहून म्हणायचा, “काम काय जन्माला पुरतंय व्हय, वैनी? बंद झालं की या घरला. आमी कुटं जातोय?” आत्या मान हलवायची आणि भाव न करताच मिरच्या घेऊन पुढं निघायची. त्या गोड बोलण्याची मला इतकी चीड यायची की एकदा मी त्याला तोंडावर म्हणाले, “ती यायची नाही.” तो माझ्याकडं बघून हसला आणि माझ्या हातात पेरू ठेवला. पेरू मी खाल्ला, हेही सांगायला हवं.

मीही आत्याच्या टोळीत पाट्या वाहू लागले. काम असं चालायचं की बांधाला लागणारी माती शेजारच्याच जमिनीतून काढायची. प्रत्येक टोळीला फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, आखून एकेक चौकोन द्यायचे. गडी खणायचे, बायका पाट्या भरून बांधावर टाकायच्या. मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर. आता माती तर बांधावर गेली, मग मोजणार काय? म्हणून चौकोनाच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच सोडायचा. खांबाच्या माथ्यावर मूळचं गवतसुद्धा शाबूत राहिलं पाहिजे, म्हणजे जमीन आधी कुठवर होती ते दिसतं. खांबाची उंची तीच खड्ड्याची खोली. खांब ढासळला की मापाचा घोळ आणि मजुरीची बोंब, म्हणून टोळी त्या खांबाला फार जपायची. कुणी त्याला टेकूनसुद्धा बसायचं नाही.

माप घेणारा ओव्हरसियर सोलापुरातल्या मुसलमान घरातला होता. दिवसभर छत्री उघडी, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. हे झालं पहिलं सरकार. त्याचं म्हणणं साधं होतं. पावसाच्या आत बांध वर आला पाहिजे.

दुसरं सरकार म्हणजे पक्ष्यांचे साहेब. ते जंगल खात्याकडून यायचे, गळ्यात दुर्बीण. तरुण होते, उन्हानं नाक सोललेलं. त्यांनी आम्हाला सगळ्यांना एका बाभळीखाली बसवून माळढोकाबद्दल सांगितलं. माळढोक गावाला काही नवा नव्हता. कमरेएवढा उंच, तपकिरी पाठीचा, पांढऱ्या मानेचा तो पक्षी पंगतीत जागा शोधणाऱ्या पाहुण्यासारखा मान ताठ ठेवून माळावरून चालत जायचा. गावानं त्याच्याकडं कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. साहेब म्हणाले, हा पक्षी संपत चालला आहे, मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि हा माळ त्याच्यासाठी राखून ठेवावा असं सरकारच्या मनात आहे. कुठं अंडं दिसलं तर हात लावायचा नाही. त्यावर मादी बसत असेल तर या बाजूचं सगळं काम बंद ठेवावं लागेल.

“आन् आमी काय करायचं?” एका बाईनं विचारलं.

“तुम्हाला दुसरीकडं काम देतील की. करकंबच्या बाजूला निघतंय.”

करकंबला जायचं म्हणजे घर सोडून पालात राहायचं. नवराबायको जोडीनं जाऊ शकत होती. एकट्या विधवेनं पालात राहायचं हे आमच्या वडिलांना, गावाला आणि खुद्द आत्यालाही सुचणं शक्य नव्हतं. साहेब गेल्यावर ओव्हरसियर छत्री फिरवत म्हणाला, “बेचारा अच्छा आदमी है. पण काम थांबलं तर हजेरी थांबली, बायांनो. मी काय करणार?” दोघंही पगार एकाच तिजोरीतून घेत होते आणि दोघंही मला भले वाटत होते. एक तरी लबाड असता तर मला बरं पडलं असतं.

त्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. जुने पुढारी जीपमधून आले, बांधावर चढले आणि म्हणाले, “तलाव होणार म्हणजे होणार! आणि आपल्या माळाचं भूषण असलेला पक्षीसुद्धा राहणार!” टाळ्या. दोन दिवसांनी बुशशर्ट घातलेला दुसरा उमेदवार मोटारसायकलवरून आला. तो म्हणाला, “पक्षी तर राहणारच. आणि तलाव कुणाच्या बापाला अडवता येणार नाही!” पुन्हा टाळ्या, त्याच माणसांच्या. मी आत्याला विचारलं, फरक काय दोघांत? ती म्हणाली, “एकाची जीप हाय.” मला मताचं वय व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळं मी सुटले होते. मत तिला द्यायचं होतं आणि ती रोज मला विचारायची, कुणावर शिक्का मारू? पेपर वाचणारी मी, मला काही सांगता येईना.

आणि मग अंडं सापडलं. नव्या चौकोनाची फक्की आत्ताच टाकली होती. आत्या पाटी ठेवायला वाकली आणि तशीच थबकली. गवताच्या दोन काड्या आणि खडे, त्यात एक मोठं, मातकट हिरवं, डागांचं अंडं. सांगितल्याशिवाय तो दगडच वाटला असता. जरा लांबवर मादी उभी होती. ती ओरडली नाही, अंगावर आली नाही, नुसती आमच्याकडं बघत इकडून तिकडं चालत राहिली.

टोळी गोळा झाली. साहेबाला कळवायचं तर काम बंद. अंडं उचलून बाजूला ठेवायचं तर पाप, आणि वर साहेबानं हात लावू नका म्हणून सांगितलेलं. चौकोन सोडून द्यायचा तर तो ओव्हरसियरनं आखून दिलेला, मापात धरलेला. मग टोळीतला एक म्हातारा गडी म्हणाला, “चौकोनात मापाचा खांब तर ठेवायचाच हाय की. मंग ह्योच ठिवू.”

मला आजही आठवतं, सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. अंडं जवळजवळ मधोमधच होतं. त्याच्याभोवती हातभर जागा सोडायची आणि बाकीचं खणायचं. अंड्याला हात लागत नाही, काम थांबत नाही, ओव्हरसियरला त्याचा खांब मिळतो, पाखराला त्याची जागा मिळते. पुढाऱ्यांनी नुसतं बोलून दाखवलं होतं ते आमच्या टोळीनं करून दाखवलं, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं. ओव्हरसियर आला, बघितलं, छत्री मिटली आणि पोट धरून हसला. “वा रे वा! मेरा खांब भी हो गया और उसका घर भी!” आणि पुढं गेला.

खड्डा खोल होत गेला तसा खांब उंच दिसू लागला. गुडघ्याएवढा, मग मांडीएवढा, आणि वर गवताच्या टोपीत ते अंडं. आम्ही पाट्या भरताना आवाज हळू ठेवायचो. आत्यानं फुटक्या मडक्याच्या खापरीत पाणी घालून काठावर ठेवलं. मादी लांब दिसायची, पहिले दोन दिवस. मग दिसेनाशी झाली. टोळीतली माणसं म्हणायची, आपण गेल्यावर येत असेल. मला ते पटायचं आणि पटायचंही नाही. मापाचा खांब माणसाला कळतो, पाखराला काय कळणार? त्याला आपलं सपाट माळरान हवं, हा असा चबुतरा कशाला?

एकदा उजाडायच्या आधी मी आत्याला घेऊन गेले. खांबावर कुणी नव्हतं. मी खड्ड्यात उतरून हात लांब केला आणि बोटाचं पेर अंड्याला लावलं. गार होतं, रात्रीच्या दगडाइतकं गार. मी मागं वळून म्हणाले, “आत्या, मेलंय हे.” तिनं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनं ऐकलं. पण ती म्हणाली, “चल, चुलीवर पाणी ठिवलंय.”

मतदान जवळ आलं तेव्हा एका सकाळी साहेबांची आणि जुन्या पुढाऱ्यांची, अशा दोन जीप एकदमच आल्या. पक्ष्यांच्या साहेबांना कुठून तरी खबर लागली होती, आणि जुन्या पुढाऱ्यांना साहेब येणार ही खबर लागली होती. साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “हे काय केलंत तुम्ही?” ते म्हणाले. रागापेक्षा रडवेला आवाज होता तो. पुढारी मात्र खूश. त्यांनी माणसं गोळा केली आणि सुरू झाले, “बघा साहेब, आमच्या अडाणी बायामाणसांची अक्कल! काम पण चालू, पक्षी पण सुरक्षित!”

साहेबांनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ते टोळीला म्हणाले, “मला एवढंच सांगा, मादी येते का अंड्यावर? येत असेल तर मी आत्ताच्या आत्ता काम बंद करायला लावणार. येत नसेल, अंडं वाया गेलं असेल, तर मला काही म्हणता येणार नाही. तुमचं तुम्ही चालू ठेवा.”

टोळीतली सगळी माणसं आत्याकडं बघू लागली, कारण अंडं तिला सापडलं होतं. पुढारी पुढं झाले, “हां, सांगा मावशी. घाबरायचं नाही. येत नाही ना?” ओव्हरसियर साहेबांच्या पाठीमागं उभा होता. त्यानं हळूच मान डावीउजवीकडं हलवली, नाही म्हण. सगळ्या माळाला तिच्या तोंडून एक ‘नाही’ हवं होतं. साहेबांना तेवढं नको होतं, पण तेही ऐकून घ्यायच्या तयारीनं उभे होते. आणि ते खरं होतं! खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं!

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. ती बोलेना तेव्हा माझा धीर सुटला. “नाही येत,” मी ओरडले. “गार पडलंय अंडं. मी हात लावून बघितलंय.”

“हात लावलात?” साहेब माझ्यावर उखडले.

तेवढ्यात आत्या म्हणाली, “पोर हाय ती, शहरातली. तिला काय कळतंय? येती की. रोज पहाटंच्याला येती. बसती वर.”

ओव्हरसियरनं छत्री उघडली. पुढाऱ्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, पक्ष्याचं रक्षण हा आपल्या पक्षाचा शब्द आहे, फार तर आठ दिवसांत आपण काम पुन्हा चालू करून देऊ. साहेबांनी आत्याला हात जोडले. खरोखर जोडले. त्याच दुपारी टिकाव, फावडी गोळा झाली आणि आम्ही सगळे रिकाम्या पाट्या घेऊन गावाकडं निघालो. टोळीतल्या बायका आत्याशी बोलेनात. एक दोघी बोलल्या, त्या न बोलत्या तर बरं असं बोलल्या.

वाटेत मी तिला धरलं. “तू खोटं का बोललीस? तुला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं असं सांगू नकोस मला. आता जा दिराकडं, शेण काढ, गार भाकरी खा!” मी रडत होते आणि भांडत होते. तिनं मला भांडून घेऊ दिलं. मग एका बांधावर बसली, चुंबळ काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच तिनं मला ती गोष्ट सांगितली.

“जावंला लेकरू झालं व्हतं. लई बारीक. अंगावर पीत नव्हतं. म्या म्हणलं, मोहोळला दवाखान्यात न्या, न्हायतर ह्ये जगायचं न्हाय. नेलं न्हाय. तिसऱ्या दिशी गेलं. मंग सगळी म्हणायला लागली, हिच्या तोंडानं गेलं. हिला नवरा न्हाय, पोर न्हाय, हिला दुसऱ्याचं बघवत न्हाय. दीर तसा बोलला न्हाय. पर त्यो गप बसला.” तिनं चुंबळीचं सुटलेलं टोक आत खोचलं. “म्या काय वाईट म्हणलं व्हतं का गं? पर म्हणलं तर म्या व्हतं. आन् आज एवढ्या मानसांत, परत मीच म्हणू व्हय, ह्ये बी मेलं? माझ्या त्वांडातनं येईना. जीभ उचलंना.”

मला राग कुणावर काढायचा तेच समजेना. साहेबावर काढावा तर त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. ओव्हरसियरवर काढावा तर त्यानं वाचवायचं बघितलं होतं. आत्यावर काढून झाला होता. मी तिच्याशेजारी बसले आणि आमचं रडणं संपेपर्यंत दोघी बसून राहिलो.

मतदानाला मी तिला शाळेपर्यंत पोचवलं. बाहेर आली ती समाधानानं. मी विचारलं, कुणाला दिलंस? म्हणाली, “दोघांनी बी दोन्ही देतो म्हणलं हाय. म्हणून दोघांवर बी मारला.” मी सांगितलं, असं केलं की मत बाद होतं. तिला ते पटेना. “बाद कसं हुईल? एक जास्त दिलंय की.” जुने पुढारी निवडून आले. आठ दिवस गेले, महिना गेला. बांध अर्धा तसाच राहिला. दीर बाजारात भेटायची वाट न बघता बैलगाडी घेऊन आला. वडीलही सोलापूरहून आले होते. त्यांनी आत्याचं गाठोडं स्वतः गाडीत ठेवलं आणि तिच्याकडं न बघता कुलूप लावलं. आत्या गाडीत बसली तेव्हा माझ्याशी चुलीबद्दल बोलली. फुटू देऊ नको, म्हणाली, वर पोतं घालून ठेव.

सोलापूरला परतायच्या आदल्या दिवशी मी माळावर जाऊन आले. खड्ड्याभोवती काट्याचं कुंपण होतं. राखणीला बसवलेला गडी बाभळीखाली झोपला होता. त्या सगळ्या भानगडीतून काम मिळालं ते एवढ्या एका माणसाला. खांब एका बाजूनं ढासळला होता. खाली कवचाचे तुकडे, वाळलेला काळा बलक, मुंग्या. साहेबांना कळलं असेलच. पण काम बंद ते बंदच राहिलं, कारण तोवर वरून माळ पाखरासाठी राखायचा कागद निघाला होता. आता त्या बाजूला माळढोक दिसत नाहीत म्हणतात. तलावही नाही. कोण जिंकलं हे मला लोक विचारतात, वर्तमानपत्रात काही आलं की. मी सांगते, मला विचारू नका.

पुढच्या वर्षी मला टाइपिस्टची नोकरी लागली, आणि पहिली सुट्टी मिळाली तशी मी आत्याला भेटायला गेले. जावेला पुन्हा मुलगा झाला होता. मी अंगणात बसलेली असताना आत्या कडब्याची पेंढी घेऊन आली. जाऊ उंबऱ्यात बाळाला पाजत बसली होती. तिनं पटकन बाळाच्या तोंडावर पदर ओढला. पण आत्यानं त्याच्याही आधी मान फिरवली होती आणि अंगणाला लांबचा वळसा घालून ती गोठ्यात गेली. जाऊ बाळाला घेऊन आत गेली. मी गोठ्यात आत्यापाशी गेले. तिनं माझे हात हातात घेतले, टाइपरायटरनं बोटं दुखतात का विचारलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, “पिल्लू निघालं का गं?”

मला उलगडायला एक क्षण लागला. मग मी म्हणाले, “निघालं.”

“खरंच?”

“खरंच. आईच्या मागं मागं माळावर फिरत होतं. साहेबांनी दुर्बिणीतून दाखवलं मला.”

आत्यानं डोळे पुसले. पेंढी टाकली, गोठ्यातून अंगणाच्या मधोमध आली, आणि जाऊ ज्या दारातून आत गेली होती त्या दाराकडं तोंड करून, मी तिचा कधीच ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, “ऐकलंस का गं? म्या म्हणलं व्हतं येती, आन् पिल्लू निघालं! माझ्या तोंडानं निघालं!”

आत्या तशीच दाराकडं बघत उभी राहिली.